पंचफुलाच्या पायांचा ठराव

पंचफुलाला स्वतःचं नाव अर्धंच लिहिता येत होतं. 'पंच' येत होतं, 'फुला' अडलं होतं, आणि ते अडलं होतं पायांमुळं. डोक्यामुळं अडलं असतं तर मांजरखेड्यात कोणाला नवल वाटलं नसतं. बौद्धपुऱ्यातल्या बाईचं डोकं अडायचंच, असं पाटलापासून पोस्टमनपर्यंत सगळे धरून चालत. पण तिचं डोकं धडधाकट होतं. घोडं पेंड खात होतं ते गुडघ्याच्या खाली.

दिवे लागले की विहारात बायकांचा वर्ग भरे. विहार म्हणजे कुडाच्या चार भिंती, वर गवत, आत बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाचं चित्र आणि एक कंदील. शिकवायला नलू. पुऱ्याच्या समितीचे अध्यक्ष नागोराव यांची ही मुलगी, सातवी पास, आवाज बापासारखा खणखणीत. बारा बायका गोणपाटावर मांडी घालून बसत. खरं म्हणजे अकरा बसत. बारावी पंचफुला, ती नुसती टेके.

टेकली रे टेकली की पोटऱ्यांच्या आत, कातड्याच्या खाली आणि हाडाच्या वर, काहीतरी वळवळायला लागे. मुंग्या नव्हेत, मुंग्या तिला ठाऊक होत्या. कापसाच्या बोंडात अळी वळवळावी तसं. दुखत नसे. दुखलं असतं तर सांगता तरी आलं असतं. पाय झाडला की अळी थांबे, पाय थांबला की अळी चाले. दिवसभर पऱ्हाटीचा कापूस वेचताना मात्र हेच पाय गुमान असत. राबायला त्यांची ना नव्हती, बसायलाच होती. असले पाय घडवून घ्यायला मिळाले असते तर पाटलानं गावभर बसवले असते.

एका संध्याकाळी 'फु'चा उकार वळता वळता तिचा पाय उडाला आणि शेजारच्या मथुराबाईची पाटी फुटली. दुसऱ्या संध्याकाळी कंदील उलटला.

"मावशे," नलू म्हणाली, "नाव तुह्यं शिकाचं हाय का पायाचं?"

"पायाले शिकव बाई आधी," पंचफुला म्हणाली, "मी काय, मी तं हुशारच हाओ."

बायका हसल्या. हसणं तेवढ्यावर राहिलं असतं तर ही गोष्ट झाली नसती. पण मथुराबाईच्या तोंडाला झाकण नव्हतं, आणि चार दिवसांत पाटलाच्या वरच्या गावात पक्कं झालं की मरीआई पंचफुलाच्या पायात आली.

त्याचं असं की नागपूरहून दीक्षा घेऊन आल्याला चार वर्षं होत आली होती. आल्या आल्या पुऱ्यानं मरीआईचा दगड निर्गुडा नदीत बुडवला होता. डफ वाजवणं सोडलं, मेलेली गुरं ओढणं सोडलं, त्यांचं मांस सोडलं. मग समितीनं घराघरातलं लोखंड गोळा केलं. विळे-खुरपी नव्हेत, भूत अडवायचं लोखंड. चौकटीवरची नाल, बाजेच्या खुराला ठोकलेला खिळा, बाळंतिणीच्या उशाखालचं पातं, बोटातली अंगठी. ठराव क्रमांक सात : 'अंगावर, उशाशी अगर चौकटीवर कोणीही लोखंड बाळगणार नाही.' पंचफुलाच्या घोट्यात लहानपणापासून लोखंडी कडं होतं. तिच्या आईनं ह्याच चळवळ्या पायांसाठी घातलेलं. ते तिनं स्वतः दगडानं ठेचून काढलं आणि सगळ्यांच्या आधी टोपल्यात फेकलं. कड्यानं पाय थांबले नव्हतेच, उलट घोट्याला घट्टा पडला होता.

आणि आता म्हणे बुडवलेली मरीआई पोहून परत आली होती, आणि अख्खा पुरा सोडून तिला बसायला हिच्याच पोटऱ्या सापडल्या होत्या.

सदाशिवराव पाटील स्वतः आले. बरोबर नारळ, हिरवं खणाचं कापड, आणि टोपली धरायला एक गडी. पंचफुला अंगणात भांडी घासत उकिडवी बसली होती. पाय चालूच.

"माय," पाटील म्हणाले, "जरा पाय पुढं कर."

चाळीस वर्षांत पाटलाच्या तोंडून तिनं स्वतःसाठी 'माय' ऐकलं नव्हतं. दुसरे शब्द ऐकले होते.

"काहून? काटा काढता का?"

"देवी हाय तुह्या पायात. नमस्कार करू दे."

पंचफुलानं राखेचा हात थांबवला. पाटील चार हातांवर थांबले, कारण देवी असली तरी ती गुडघ्यापर्यंतच होती. गुडघ्याच्या वर पंचफुला सुरू होत होती, आणि पंचफुलाचा विटाळ त्यांना अजून होत होता. म्हणून नमस्कार त्यांनी खाली वाकून, नजर बरोबर पोटरीवर ठेवून, वरची बाई वगळून केला. नारळ लांबूनच फोडला. पाणी तिच्या घासलेल्या भांड्यांवर उडालं.

"देवीनं आपली माणसं सोडली नाईत," पाटील पोटरीला म्हणाले. "तुमीच सोडलं. चैताच्या पुनवेले डफ घेऊन या पयल्यासारखे. अन् माह्या गोठ्यामागं बैल मरून पडला हाय दोन दिवसांचा. कोणी हात लावून नाई राह्यलं."

"असं का," पंचफुला म्हणाली. "तरीच म्हणलं देवी कायले आली. बैल उचलाले आली थे."

आणि तिनं भांड्यांचं राखाडं पाणी असं भिरकावलं की ते देवी आणि भक्त यांच्या बरोबर मधे पडलं.

नागोराव दुसऱ्याच दिवशी आले. ते वाईट माणूस नव्हते. चार वर्षं सगळा पुरा त्यांनी खांद्यावर तोलून धरला होता, आणि तोलणाऱ्या माणसाला खाली कोणी पाय हलवला की घाम फुटतो.

"पंचफुले, पाय थांबेपर्यंत वर्गात येऊ नको."

"दादा, मी कोणाचं काय..."

"तू बसली का लोक अक्षर नाई पाह्यत, तुह्ये पाय पाह्यतात. इकडं पाय हालला का तिकडं पाटील डफ शेकून ठेवते. आपलं सारं तुह्या पोटरीपाशी अडलं हाय बाई, समजून घे."

"माह्यं नावच अर्धं हाय अजून," ती म्हणाली. "अर्ध्या नावाची बाई ठेवता का मले?"

त्या रात्री ती विहाराच्या कुडाला कान लावून बाहेर येरझारा घालत राहिली. आत अकरा जणी 'ल'ला काना लावत होत्या. चालताना पाय शहाण्यासारखे वागत, म्हणून तिला आणखीच संताप आला.

नवरा उकंडा समितीचा चिटणीस. ठराव क्रमांक सात त्याच्याच अक्षरात होता. भित्रा होता, पण निर्दय नव्हता. बाजाराच्या दिवशी तो तिला वणीच्या दवाखान्यात घेऊन गेला. बाकावर बसायची सोय असूनही ती दवाखान्याला चकरा मारत राहिली. सातव्या चकरेला डॉक्टरनं खिडकीतून डोकं काढलं.

"बाई, काय हरवलं?"

"बसणं हरवलं, डाक्टरसायेब."

डॉक्टर हसला नाही. त्यानं आत घेतलं आणि नीट विचारलं. दिवसा होतं की संध्याकाळी? हलवल्यावर थांबतं का? बाळंतपणं किती? आठ, त्यातली जगली चार. महिन्याचं जातं किती? तिनं खाली बघून सांगितलं, उकंडानं दाराबाहेर बघत ऐकलं. माती खावीशी वाटते का? ती दचकली. चुलीची भाजलेली माती ती दोन वर्षं चोरून खात होती, मथुराबाईलासुद्धा ठाऊक नव्हतं. डॉक्टरनं पापणी उलटून पाहिली, नखं पाहिली. नखं मधे खोलगट झाली होती, पळीसारखी. मग बोटाला टोचून रक्ताचा थेंब टिपकागदावर घेतला आणि तो लाल रंगांच्या एका पट्टीशी धरून पाहिला. पट्टीवर गडद लालपासून फिक्या गुलाबीपर्यंत घरं होती. तिचं रक्त शेवटून दुसऱ्या घरात बसलं.

"तुझ्या अंगात लोखंड कमी आहे," तो म्हणाला. "रक्ताला लोखंड लागतं. ते संपलं की काही माणसांचे पाय असे करतात. परदेशातल्या एका डॉक्टरनं असे पाय लोखंड देऊन थांबवलेत, मी वाचलंय."

पंचफुला आणि उकंडा एकमेकांकडं बघत राहिले.

"डाक्टरसायेब," ती म्हणाली, "आमच्यात लोखंडावर बंदी हाय."

"कोणी घातली?"

"यायनंच लिवली," तिनं नवऱ्याकडं बोट केलं.

डॉक्टरला काही कळलं नाही, आणि त्याच्या दारात अजून तीस माणसं उभी होती. त्यानं हिरव्या गोळ्यांची बाटली दिली. जेवल्यावर घे, वर लिंबू पिळून पाणी पी, चहाबरोबर घेऊ नको, संपली की आणखी ने. पाय लगेच थांबणार नाहीत, महिना-दोन महिने धीर धर. "आणि शौचाला काळं होईल. डांबरासारखं. घाबरायचं नाही."

"त्याले कोण घाबरते," पंचफुला म्हणाली. तिला काय ठाऊक, मांजरखेड्यात नेमकं त्यालाच घाबरतील म्हणून.

बाटली तिनं मिठाच्या मडक्यात लपवली. उकंडा म्हणाला, "समितीले सांगू नको." ती म्हणाली, "समिती तं माह्याच बाजेवर झोपते." पण सांगितलं नाही.

महिना गेला, वर पंधरा दिवस गेले. माती खावीशी वाटेनाशी झाली. पोटऱ्यांतली अळी मेली नाही, पण सुस्तावली. आणि बाकीचं सगळंही चाललं असतं, जर पाटलानं पऱ्हाटी उपटली नसती.

बायकांची गोदरी, म्हणजे परसाकडची जागा, पाटलाच्या वावराच्या बांधाला होती. शहाण्या माणसांनी नाक मुरडू नये. ज्या गावानं बायकांना आडोसा दिला नाही त्या गावाच्या गोष्टीत गोदरी येणारच. पऱ्हाटी उभी होती तोवर पंचफुला लांब कोपऱ्यात जाई आणि माती लोटून येई. पऱ्हाटी उपटल्यावर वावर हातावरच्या रेषांसारखं उघडं पडलं. सगळ्या बायकांना एका बाभळीमागं खेटून बसावं लागलं. आणि पहाटे पाचला मथुराबाईनं पाहिलं.

"अवं माय वं! काळंभोर!"

"बोंबलू नको, मथुरे."

"कोयसा हागली वं पंचफुला! राजूरच्या खाणीवानी!"

सूर्य वर यायच्या आत वरच्या गावात दोन मतं तयार होती. एक, देवी जळून बाहेर पडली. दोन, ही देवीची राख, कपाळाला लावावी. दुसऱ्या मताचा एक म्हातारा करवंटी घेऊन बांधापर्यंत गेलाही होता, पण नेमकी जागा कोणती यावर वाद झाला. पुऱ्यात तिसरं मत होतं, कोणीतरी करणी केली. आणि ज्या पुऱ्यानं करणी मानायची नाही अशी शपथ घेतली होती, त्यानं करणीच्या चौकशीसाठी संध्याकाळी सभा बोलावली.

पंचफुलानं बाटली मिठाच्या मडक्यातून काढली आणि सभेत आपटली.

"हे घ्या करणी. लोखंडाच्या गोळ्या. डाक्टरनं देल्ल्या."

उकंडाचा टाक खाली पडला.

"लोखंड?" नागोराव म्हणाले. "ठराव क्रमांक सात?"

"ठरावात अंगावर म्हणलं हाय," मागून कोणी बोललं. "पोटात नाई म्हणलं."

"मंग उद्या कोणी मरीआई गिळन अन् म्हणन का पोटात हाय!"

"एवढी मोठी कशी गिळन?"

यावर बराच वेळ चर्चा झाली. शेवटी बळीराम उठला. तो राजूरच्या खाणीत बत्तीघरात कामाला होता. खाणीतल्या बत्त्यांची कुलपं किल्लीनं नाही, लोहचुंबकानं उघडतात, म्हणजे खाली कोणी बत्ती उघडून विडी पेटवू नये. तसलं एक जुनं चुंबक त्यानं कोणाला न विचारता घरी आणलं होतं. "विज्ञानानं पाहू," तो म्हणाला.

चुंबक गोळीला लावलं. गोळी चिकटली नाही.

"म्हंजे यात लोखंडच नाई," नागोराव म्हणाले. "डाक्टर खोटा."

"नाई तं चुंबक खोटं."

चुंबक विळ्याला लावलं. विळा खाडकन चिकटला, सोडवायला दोघं लागले. मग बळीरामला काय सुचलं कोण जाणे, त्यानं ते पंचफुलाच्या पोटरीला लावलं. चिकटलं नाही.

"डाक्टर खरा!" बळीराम ओरडला. "बाईच्या पायात लोखंड नाईच!"

टाळ्या पडल्या. तेवढ्यात नलूनं ते चुंबक घेतलं आणि शांतपणे बापाच्या पोटरीला लावलं. तिथंही चिकटलं नाही.

"अध्यक्षाच्या पायातबी नाई!"

गोंधळ झाला. अध्यक्षांचा पाय बघायला मागची माणसं पुढं आली, पुढची कंदिलावर पडली. नागोराव लाल झाले आणि ओरडले, "बंद करा थे! गोळ्या नदीत टाका! दगड टाकला तशा!"

उकंडानं बाटलीकडं हात नेला. पंचफुलानं बाटली पदरात घेतली.

"टाकता? टाका. आधी मले एक सांगा. लोखंड गेलं कुठी माह्यं?"

तिनं पदराला बाटलीसकट गाठ मारली.

"आठदा बाळंत झाली. दर महिन्याले मरून राह्यली. ताटात तुमी जेवल्यावर जे उरलं थे खाल्लं. कधी कालवण, कधी कालवणाच्या भांड्याची ढवळण. मेलेलं ढोर खाणं सोडलं, बरं केलं, माह्या हातानं पयलं मडकं मीच फोडलं, अन् कोणी मले परत खा म्हणलं तं त्याच्या तोंडात मारन. पण थे सोडल्यावर बायायनं काय खाचं, याचा ठराव कोणी केला? सात ठराव झाले. चौकटीचा झाला, बाजेच्या खुराचा झाला. बाईच्या ताटाचा कोणता नंबर, सांगा ना चिटणीस! लिवता ना तुमी!"

उकंडानं पडलेला टाक उचलला.

नागोराव बसले. मग म्हणाले, "बोललीस थे खरं असन. पण वरच्या गावाले बोलणं नाई दिसत, पाय दिसतात. त्या गोळ्यायनं पाय थांबत असन तं थांबवून दाखव. इथंच. पुरी वंदना, वरून बावीस प्रतिज्ञा. पाय नाई हालला, तं गोळ्या तुह्या, वर्गबी तुह्या. हालला, तं गोळ्या नदीत, तू घरी."

असली परीक्षा कोणत्या बुद्धानं सांगितली होती, हे कोणी विचारलं नाही.

पंचफुला मांडी घालून बसली. साठ-सत्तर माणसं तिच्याभोवती गोल बसली, पण फोटोकडं तोंड करून एकही नाही. वंदना पाठ होती, म्हणून सगळे पायांकडं बघत म्हणत होते. कंदीलसुद्धा पायांशी आणून ठेवला. बुद्ध अंधारात राहिला.

वंदना संपली. पाय हलला नाही. प्रतिज्ञा सुरू झाल्या. पाचवीला डाव्या पोटरीत काहीतरी जागं झालं. सातवीला वळवळलं. पंचफुलानं दात आवळले. आणखी पंधरा बाकी होत्या. तेव्हा तिची नजर समोर पडलेल्या वहीवर गेली. उकंडानं सभेचं टिपण तिथंच उघडं टाकलं होतं, आणि पहिल्याच ओळीत तिच्यावरच्या आरोपात तिचं नाव होतं. अख्खं. तिला अर्धंच वाचता येत होतं, म्हणजे उरलेलं काय असणार हे उघड होतं.

पाय हलवायचा नव्हता. हाताबद्दल कोणी बोललं नव्हतं. तिनं बोटानं शेणानं सारवलेल्या जमिनीवर 'फ' काढला. पोट वाकडं झालं, पुसला, पुन्हा काढला. खाली उकार. मग 'ल'. 'ल' फार लबाड, दोन गाठी, दोन्ही एकसारख्या येईनात. अकरावी प्रतिज्ञा गेली, चौदावी गेली. अळी होती, पण तिच्याकडं लक्ष द्यायला पंचफुलाला सवड नव्हती.

एकोणिसावीला कोणीतरी हललं. सगळे ताठ झाले. पाय कोणाचा ते शोधत सत्तर नजरा फिरल्या आणि नागोरावांच्या गुडघ्यावर थांबल्या. तो धोतरात सुपासारखा पाखडत होता. तेवढ्या वेळात बळीरामनं तीनदा मांडी बदलली होती, मथुराबाई एका कुल्ल्यावर आली होती.

"दादा," पंचफुला मान वर न करता म्हणाली, "तुमच्या पायात कोण आलं?"

हसू आधी नलूला फुटलं. मग विहाराचं गवतसुद्धा हललं. बाविसावी प्रतिज्ञा कोणी म्हटली, नीट म्हटली की नाही, याची नोंद नाही.

ठराव क्रमांक आठ त्याच बैठकीत झाला : 'लोखंड अंगावर बाळगू नये, अंगात असण्यास हरकत नाही.' नागोराव म्हणाले, ताटाचा ठराव पुढच्या बैठकीत घेऊ. पंचफुला म्हणाली, आजच घ्या, पुढच्या बैठकीत तुमचे पाय थांबले असतील. म्हणून नऊही झाला : 'घरात कालवण शिजेल तेव्हा बाईचं ताट बापयाच्या ताटाबरोबर वाढावं.' उकंडानं लिहिलं, आणि सवयीनं शाईचं फडकं तिच्यापुढं अंगठ्यासाठी सरकवलं. तिनं ते बाजूला केलं, टाक घेतला आणि नाव लिहिलं. 'ला'चा काना ओळीबाहेर गेला आणि नागोरावांच्या सहीला भिडला.

नववा ठराव पाळला किती घरांनी? तीन. चौथ्यात भांडण झालं. सांगायचं ते खरं सांगावं.

पण बाटली संपल्यावर पंचफुला वणीला गेली ती एकटी नाही गेली. तिच्याबरोबर आठ जणी गेल्या, वाटभर चालत. डॉक्टरनं आठांची नखं पाहिली, आठांचा थेंब टिपकागदावर घेतला, आणि पट्टीची खालची घरं पुरली नाहीत.

पुनवेच्या आधी पाटील आपल्या गड्याला घेऊन बांधावर आले. डफ आला नव्हता, बैल त्यांच्याच गड्यांना पुरावा लागला होता, आणि निदान देवीची खरी जागा पक्की करून दगड रोवावा असा त्यांचा विचार होता. बाभळीमागं नऊ जागी काळं होतं.

पाटील एका जागेकडून दुसरीकडं वळत राहिले. कोणत्या जागी वाकावं ते त्यांना कळेना.

"पाह्यत काय राह्यले, पाटील?" मथुराबाई लोटा घेऊन येत म्हणाली. तिलाही वणीला गेल्या दिवसापासून गोळ्या सुरू होत्या. "घ्या, फोडा नारळ. नऊ आनले ना?"